सराव पाठाचे गुण कोणी तपासणार आहे का?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

आमच्या सांगली भागातल्या एका बी.एड. महाविद्यालयाचा सराव पाठांचा, म्हणजे छात्राध्यापकांनी शाळेत घेतलेल्या पाठांचा, पुरावा महाविद्यालयाला श्रेणी देणाऱ्या मूल्यांकनातून नुकताच परत आला. का, तर फोटोंवर जिओटॅग (फोटो कुठे काढला त्याची नोंद) नाही! त्या पाठांना दिलेले गुण भरवशाचे आहेत का, हे मात्र कोणी विचारले नाही.

साहेब, 50 पाठ घ्या. दोन निरीक्षकांनी प्रत्येकी 45 पाठांना ‘उत्तम’ आणि 5 पाठांना ‘साधारण’ दिले. 40 ठिकाणी त्यांचे जुळले. अहवालात लिहिणार, ‘80 टक्के एकमत’. पण दोघांनी डोळे झाकून तेवढेच शेरे वाटले असते, तरी सरासरी 41 ठिकाणी जुळले असते. योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा म्हणजे कोहेनचा कप्पा (kappa); 1 म्हणजे पूर्ण एकमत, 0 म्हणजे निव्वळ योगायोग. तो इथे काढला तर उणे 0.11 येतो. म्हणजे विश्वसनीयता शून्याच्याही खाली, आणि तरी तो 80चा आकडा बिनदिक्कत पुढे जातो.

सप्रमाणतेचे, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का याचे, तर नावच नको. निरीक्षण तक्त्यात फलकलेखनाला गुण आहेत, शैक्षणिक साधनाला आहेत. पोराने चुकीचे उत्तर दिल्यावर छात्राध्यापकाने पुढचा प्रश्न काय विचारला, याला रकानाच नाही. जतच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारी मुले, पाटणच्या डोंगरात एका खोलीत दोन इयत्ता. तक्ता मात्र सगळीकडे तोच.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमांनी छात्राध्यापकांना बी.एड.च्या दोन वर्षांत 20 आठवडे शाळेत घालायला लावले, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. चांगलेच केले. पण दरवर्षी 100 प्रवेश, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून 200 विद्यार्थी असतील तर 16 अध्यापक, हाही नियम त्याच वेळचा. ती पदे तासिका तत्त्वावर ढकलायची किंवा रिकामी ठेवायची, एकाच मेथड मास्तराने (विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्याने) एका तासात तीन वर्ग पळत बघायचे, आणि पुरावा मागायचा आमच्याकडे! भरतीचा विषय काढला की फाईल वित्त विभागाकडे, तिथून परत तुमच्याकडे. पोरांचे शिक्षक असे घडवायचे का?

निदान एवढे करा. दर पाचवा पाठ दोघांनी स्वतंत्रपणे पाहावा, एक महाविद्यालयाचा आणि एक शाळेतला मार्गदर्शक. श्रेणी देईपर्यंत आपसात बोलणे नको. त्याआधी चार-पाच पाठांच्या चित्रफिती एकत्र पाहून ‘उत्तम’ कशाला म्हणायचे ते ठरवावे. कप्पा प्रत्येक रकान्याचा वेगळा द्यावा; एकूण गुणांत फरक बुडून जातो. सलग तीन तुकड्यांची आकडेवारी मागा, आणि कप्पा कमी आला म्हणून महाविद्यालयाची श्रेणी कापू नका. कापलीत तर पुढच्या वर्षी सगळ्यांचा कप्पा 0.9 येईल, तोही टेबलावर बसून काढलेला.

आपला,
एक अध्यापकाचार्य, सांगली