नवीन नोकरीत असताना इंटरव्ह्यू दिला तर काय चुकलं?

संपादक महोदय,

नव्या नोकरीत रुजू होऊन दोन महिने पण झाले नाहीत आणि दुसरीकडे इंटरव्ह्यू देतेय म्हटलं की लोक लगेच बेइमान म्हणून मोकळे होतात, ते ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी स्वतः यातून गेलेय. सांगितलेलं काम एक आणि हातात पडलं भलतंच, मॅनेजरशी दोनदा बोलले तरी फरक नाही, आणि नेमका तेव्हाच आधी अर्ज केलेल्या कंपनीचा फोन आला. जिन्यात उभी राहून, तोंडावर हात धरून बोलले, वरून कोणी उतरलं की गप्प, छातीत नुसती धडधड. चोरी केल्यासारखं वाटत होतं, पण चोरी कसली? प्रोबेशन, म्हणजे नव्या माणसाचा चाचणीचा काळ (बहुतेक ठिकाणी ३ ते ६ महिने), दोघांनी एकमेकांना पारखायलाच असतं ना, कंपनी त्या काळात थोडक्या नोटिशीवर काढू शकते तर माणसालाही जाता आलं पाहिजे.

फक्त कळकळीने सांगते, सध्याची नोकरी लपवू नका, बॅकग्राउंड चेकमध्ये (नवी कंपनी आपल्या माहितीची खातरजमा करते त्यात) उघड झालं तर हातची ऑफर जाऊ शकते. इंटरव्ह्यूत मी सरळ सांगितलं की सात आठवडे झालेत, काम ठरल्याप्रमाणे नाही, ऑफिसला नावं ठेवली नाहीत. समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. आणि हो, ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, ऑफिसच्या लॅपटॉपवरून मेल तर अजिबात नको.

- एक वाचक