सैनिकांची घरची पत्रे जपायला हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी घरी धाडलेली पत्रे इंग्रजांचे सेन्सॉर खाते उघडून वाचत असे आणि त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांकडे पाठवीत असे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. देशी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून कोण किती खर्ची पडले हे आडून कळवणारे शिपाई त्यांत भेटतात, मात्र त्यांचे स्वतःचे शब्द बहुतेक अनुवादात हरवले आहेत.

मराठी मुलखातली माणसे अधिक करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कूत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. 'या गावातून इतके गेले, इतके कामी आले' असा मजकूर कोरलेल्या शिळा आपल्या गावांत आजही दिसतात. त्यावर आकडा असतो, माणूस नसतो. तो सापडलाच तर घरच्या पत्रांत सापडेल.

माझे वडील १९७१ च्या युद्धात होते. त्यांच्या निळ्या अंतर्देशीय पत्रांवर पत्ता फक्त '५६ ए.पी.ओ.' असा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक; ते नेमके कुठे आहेत, हे घरात कुणालाच ठाऊक नसे. मनीऑर्डरच्या चिठोऱ्यावरच्या दोन बोटे जागेत ते शाळूची भांगलण झाली का, म्हैस व्याली का, एवढेच विचारत. आजीला वाचता येत नव्हते, म्हणून पोस्टमन उंबऱ्यावर बसून वाचून दाखवी आणि ती तोच मजकूर पुन्हा वाचायला लावी. गोळीबाराचा एक शब्दही त्यात नाही. गेल्या पावसाळ्यात ट्रंक उघडली, तेव्हा निम्मी पत्रे वाळवीने खाल्ली होती.

माझी विनंती एवढीच आहे की, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना सोबत घेऊन अशा कागदांची गावोगाव छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ पत्रे ज्याच्या त्याच्या घरीच राहू द्यावीत, कारण ती देऊन टाकायला कुणाचे मन धजणार नाही. पत्रांतला मजकूर समजावून सांगू शकणाऱ्या वीरपत्नी आणि माजी सैनिक आता थकले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हावे.

आपला,
एक माजी सैनिकपुत्र, जि. सातारा