मागच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी

मामा, स. न. वि. वि.

आपल्या कॅम्पसवरचा आरोग्य-कला-अभ्यास सप्ताह संपला आणि आभारप्रदर्शनही झालं. प्रमुख पाहुण्यांचे आभार झाले, प्रायोजकांचे झाले, गुच्छ पुरवणाऱ्या फुलवाल्याचेसुद्धा झाले. सूत्रसंचालकाच्या कागदावर तुमचं नाव नव्हतं. तुम्ही कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहात, आणि हॉलच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात त्याला आयोजनात धरायची पद्धत नाही. म्हणून हे जाहीर पत्र. नेरूळपासून ऐरोलीपर्यंत जिथे जिथे असे कार्यक्रम भरतात तिथल्या मंडळींनाही उपयोग व्हावा, म्हणून तुम्ही काय केलंत ते जरा तपशिलात लिहितो. परवानग्या, फायली, सह्या यांचं रामायण गाळतो. ते तुम्हाला पाठच आहे.

आधी मागच्या दाराबद्दल.

ताणतणावावरच्या सत्रात दिवे मंद करतात, डोळे मिटायला सांगतात, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. बहुतेकांना बरं वाटतं. पण काही पोरं अशी असतातच, ज्यांना डोळे मिटल्यावर उलट धडधडायला लागतं. त्या वेळी त्यांना फक्त बाहेर पडता यायला हवं असतं, कुणाच्या डोळ्यांवर न येता. आणि आपल्या हॉलचं मागचं दार उघडताना असं किंचाळायचं की सगळ्या माना मागे वळायच्या. मग ते पोर उठायचंच नाही, जागीच घाम पुसत बसायचं.

सत्राच्या आदल्या संध्याकाळी झाडलोट झाल्यावर तुम्ही त्या दाराशी स्टूल ओढून बसलात. कुणी सांगितलं नव्हतं. खाडी एवढी जवळ असल्यावर लोखंड गंजणारच. नुसतं वरून तेल सोडलं तर ते गंजाच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो. दोन दिवस आवाज बंद, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुम्ही बिजागरीची खीळ खालून ठोकून वर काढलीत, एका वेळी एकच, म्हणजे दार लटकत नाही. पॉलिश पेपरने घासली, फडक्याने पुसली, ग्रीस लावून परत बसवली. मग पुढची. ग्रीस का, तर तेल ओघळून जातं आणि फरशीवर डाग ठेवून जातं.

त्यानंतर वरचा डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारी दांडी. त्याला दोन स्क्रू असतात. एक दार मिटत येण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या वीतभर अंतराचा, जिथे दार धाडकन आदळतं. घड्याळाच्या दिशेने फिरवला की वेग कमी होतो. तुम्ही पाव फेरा द्यायचात, दार सोडून बघायचात, मग पुन्हा पाव फेरा. घाई करून उलट्या दिशेने जास्त सोडला तर आतलं तेल गळतं आणि क्लोजर भंगारात जातो, जसा पुढच्या दाराचा गेला. चौकटीवर जिथे पल्ला टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवलात. पॅसेजमधली दारासमोरची ट्यूबलाइट बंद ठेवलीत आणि त्यापुढची चालू, कारण अंधाऱ्या हॉलमध्ये उजेडाचा पट्टा घुसला तरी लोक वळून बघतातच. खुर्ची आणि पाण्याची बाटली ठेवलीत तीसुद्धा वळणाच्या पलीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही अशी.

सत्र संपल्यावर समुपदेशक ताईंनी विचारलं, इथे मधे कुणी उठून गेलं नाही का? गेले होते. त्यातले काही थोड्या वेळाने परत येऊन बसलेही होते. पुढच्या रांगांना कशाचाच पत्ता नव्हता.

याच हॉलमध्ये आधीच्या खेपेला कंत्राट घेतलेल्या एका इव्हेंटवाल्यांनी ‘हजेरी गळते’ म्हणून दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या होत्या. तणावमुक्तीचं व्याख्यान, आणि माणसं कोंडलेली! ही कल्पना ज्याला सुचली त्याला पुढच्या वर्षी अग्निसुरक्षेच्या प्रात्यक्षिकाला खास निमंत्रण द्यावं.

पोस्टरचंही तुम्ही असंच केलंत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याचा भलाथोरला फ्लेक्स कँटीनच्या दारात लागायचा होता. चार मित्र शेजारी उभे असताना तो नंबर कोण उतरवून घेणार? तुम्ही ए-फोर कागदावरच्या प्रती मागून घेतल्यात आणि मुलांच्या, मुलींच्या दोन्ही स्वच्छतागृहांत प्रत्येक दाराला आतल्या बाजूने लावल्यात (मुलींकडे अर्थात मावशींच्या हातून). प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, कारण तिथल्या ओलीत उघडा कागद टिकत नाही. आणि आत कडी लावली की समोर दिसेल अशा उंचीवर.

योगाच्या दिवशी तर तुम्ही गणितच मांडलंत. मॅट सहा फूट बाय दोन फूट. हात-पाय पसरायला बाजूने दोन फूट आणि लांबीत दीड फूट धरलं तर माणशी तीस चौरस फूट लागतात. हॉल चाळीस बाय तीस, म्हणजे कागदावर चाळीस मॅट बसतात. तुम्ही बत्तीसच अंथरल्यात. उरलेली सहा फुटांची पट्टी मागच्या भिंतीलगत मोकळी सोडलीत, दारापर्यंत. फोटोत गर्दी दिसावी म्हणून मॅटला मॅट भिडवणारे आयोजक आम्ही पाहिलेत; तिथे भुजंगासनात मान वर केली की नाकासमोर पुढच्याचे तळवे. योगनिद्रेच्या वेळी डोक्यावरच्या ट्यूब बंद करून फक्त कडेचे दिवे ठेवलेत, एसी २७ वर नेलात, पंखे अगदी हळू. आडवं पडून हालचाल थांबली की अंग गार पडत जातं आणि २४ वर निम्मी मंडळी निद्रेऐवजी कुडकुडत असतात. दाराजवळ चादरींची चळत होती, ती सगळी वापरली गेली.

आता माइक. काव्यवाचन आणि शास्त्रीय गायनाची बैठक एकाच दिवशी ठेवणाऱ्यांना खरं तर दंड करायला हवा, पण ठेवली होती. आधीच्या साउंडवाल्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असायचं: आवाज वाढवा. वाढवला की माइक शिट्टी मारायचा, मग साउंडवाला कवीकडे रागाने बघायचा. माइक शिट्टी मारतो तो स्पीकरमधून आलेला स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकल्यावर. तुम्ही दोन्ही स्पीकर माइकच्या ओळीच्या पुढे आणलेत आणि तोंडं प्रेक्षकांकडे थोडी बाहेर वळवलीत. कवींना मंचावर जाण्याआधी विंगेत एकच सूचना: माइक तोंडापासून चार बोटं लांब, आणि जाळी मुठीत धरायची नाही. नवखे कवी हमखास जाळी पकडतात, रॅपवाल्यांचं बघून. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइक फक्त समोरचं न ऐकता चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेली.

स्पीकरमधून घूं असा संथ आवाज येत होता तेव्हा सगळे केबल हलवत होते. तुम्ही लॅपटॉपचा चार्जर काढलात आणि घूं बंद. लॅपटॉप एका बोर्डावर आणि साउंडचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असला, की दोन अर्थिंगच्या मधून विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण साउंडमध्ये शिरते. एक तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्यायचे, नाही तर लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. साधी गोष्ट. पण ती ठाऊक नसलेला माणूस भाडं पूर्ण घेऊन जातो.

बैठकीआधी एसी तासभर आधीच लावलात आणि मग त्याला कुणाला हात लावू दिला नाहीत. आपल्याकडच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैलावते, स्वर उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत ती ताणली जाते, स्वर चढतो. मधेच कुणाला गार वाटलं म्हणून एसी बंद, मग उकडलं म्हणून चालू, असं झालं की तबलजी अर्धा वेळ हातोडीच चालवत बसतो. प्राध्यापकांपैकी एकांनी रिमोट मागितला होता. तुम्ही ‘सेल संपलेत’ म्हणालात. तुमच्या खिशात ते सेल आम्ही पाहिले, पण ते असो.

वारली चित्रांच्या कार्यशाळेत तुमचं काम चित्रांपेक्षा पाण्याचं. तरी चित्रांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण फ्लेक्सवर ती ‘दुर्गम भागातील लोककला’ झाली होती. दुर्गम कसली? पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा होईपर्यंत वारल्यांचा तो मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही. गेरूत डिंकाचं पाणी कमी पडलं तर तो सुकल्यावर हाताला लागतो, जास्त झालं तर चकाकतो आणि तडकतो. मधलं प्रमाण कागदाच्या एका कोपऱ्यावर लावून, सुकवून, बोट फिरवूनच ठरवायचं. वरून तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा काढायच्या त्या गेरू पुरता सुकल्यावर, नाही तर पांढऱ्याचा गुलाबी होतो. पोरं घाई करतात. तुम्ही कागद वाळवायला पॅसेजमध्ये दोरी बांधलीत आणि पेडस्टल पंखा दोरीच्या खालून लावलात, समोरून नाही. समोरून लावला की कागद एकमेकांवर आपटून चिकटतात.

आणि बेसिनवर कागद चिकटवलात: ‘इथे ब्रश धुवू नये.’ शेजारी तीन बादल्या. पहिलीत खळबळायचं, दुसरीत धुवायचं, तिसरीत स्वच्छ करायचं. गेरू ही मातीच. ती बेसिनखालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसते आणि आठवड्याने पाणी तुंबतं. मग सगळे प्लंबरला शिव्या देतात. रात्रभर बादल्या ठेवून सकाळी वरचं नितळ पाणी झाडांना घातलंत आणि खालचा गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलात.

फ्लेमिंगो बघायला जायची वेळ ठरवणाऱ्यांनी ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, कशी आली याच्या स्लाइड तयार केल्या होत्या, भरती मात्र पाहिली नव्हती. ‘शनिवार सकाळी सात’ असा फलक लागला. तुम्ही कॅलेंडरकडे बघून म्हणालात, “त्या दिवशी द्वादशी आहे. तिथीला पाऊणने गुणा. नऊला भरती.” ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात खाणं शोधत लांब पांगलेले असतात. चिखल बुडाला की ते आतल्या तलावांवर येऊन उभे राहतात, आणि नेरूळमध्ये ते रस्त्यावरूनही दिसतात. फलकावर साताचे नऊ झाले. कोळीवाड्यातल्या माणसाला विचारलं तर मिळणारी माहिती आपण स्लाइडमध्ये शोधतो, हे त्या फलकावर लिहायला हवं होतं.

मामा, तुम्ही मुलांशी फारसं बोलत नाही. ‘बाळा’, ‘राजा’ असलं काही तुमच्या तोंडी नसतं. पण त्या सत्रानंतर एका सरांनी विचारलं, कोण कोण बाहेर गेलं होतं, जरा नावं सांगा. हेतू चांगला असेलही. तुम्ही म्हणालात, “लक्ष नव्हतं साहेब.” ज्याला माइकच्या जाळीवरची मूठ मागच्या भिंतीवरून दिसते त्याचं लक्ष नव्हतं! दुसऱ्याची अडचण बघायची, ती दूर करायची आणि मग बघितलंच नव्हतं असं वागायचं, हे कुठल्या कार्यशाळेत शिकवत नाहीत. संवेदनशीलतेवर तासतासभर बोलणारे आपण महागड्या मानधनावर बोलावतो, त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ असतं. ज्यांच्यामुळे एखादं पोर तो तास निभावून नेतं ते सहसा स्टूलवर बसून ग्रीस लावत असतात. असं एखादं माणूस प्रत्येक कचेरीत, प्रत्येक शाळेत असतं. ते रजेवर गेलं की मग सगळ्यांना कळतं, काय काय आपोआप होत होतं.

तुम्ही दिलेली यादी ऑफिसात पोचवली आहे: मिक्सरसाठी लांब एक्स्टेन्शन बोर्ड, माइकची एक्सएलआर केबल, पुढच्या दाराला नवा क्लोजर. पुढच्या पत्रिकेत आयोजन समितीत तुमचं नाव छापावं, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला साउंडची जबाबदारी तुमच्याकडे द्यावी, भत्त्यासकट, असा वेगळा अर्जही दिला आहे. भत्त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पाठपुरावा चालू आहे.

एक विचारायचं राहिलं. मॅट घामाच्या तशाच गुंडाळून कपाटात गेल्यात. पावसाळ्यापर्यंत तशाच राहिल्या तर बुरशी धरतील. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर वाळवायला हव्यात. उन्हात टाकल्या तर कडक होऊन तुटतात, हे तुम्हीच सांगितलंत. जुन्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे चालेल का? चालत असेल तर रविवारी आम्ही सगळे येतो. किल्ली तुमच्याकडे आहे की वॉचमनकडे, तेवढं कळवा.

तुमचे,
सप्ताहाच्या आयोजनातले विद्यार्थी आणि शिक्षक
नवी मुंबई