बाबा, मे महिन्यात ओल्ड कोर्सवर खेळायचंय

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू पुढे" म्हणतात आणि आई लगेच इथल्या थंडीची चौकशी सुरू करते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. मे महिन्यात तुम्ही इकडे याल तेव्हा आपण काही दिवस इथल्या, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी जाऊन राहणार आहोत आणि बाबा तिथल्या ओल्ड कोर्स या जुन्या, नामांकित मैदानावर गोल्फ खेळणार आहेत. राहायची जागा मी घेऊन टाकली आहे, पैसेही भरले आहेत. रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. चार तासांच्या खेळाला एवढे पैसे ओतणं आपल्या घराला शोभत नाही, आणि ते मैदान टीव्हीवर इतकी वर्षं बघितलंय की आता नवं काय दिसणार. २०२५ च्या उन्हाळ्यात माणशी फी ३४० पौंड होती. आपण दोघं खेळणार म्हणजे त्याच्या दुप्पट, शिवाय बॅग उचलणाऱ्या कॅडीचे वेगळे. रक्कम मोठी आहे, मला कबूल आहे. हिवाळ्यात फी बरीच उतरते, तेही मी पाहिलं. पण नोव्हेंबर ते मार्च तिथे फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, छोटी चटई ठेवून तिच्यावरून चेंडू मारावा लागतो. तुम्हाला एवढ्या लांबून आणून चटईवर उभं करणं माझ्या जिवावर आलं असतं.

नाव मोठं आहे म्हणून मी भुलले, असं मात्र समजू नका. दादाने अमेरिकेतलं पेबल बीच मैदान सुचवलं होतं, त्याचाही मी नीट विचार केला. समुद्राच्या कड्यावरचा तो चिमुकला सातवा होल, म्हणजे अठरांपैकी एक टप्पा, आणि १९८२ मध्ये टॉम वॉटसनने सतराव्यावर गवतातून थेट आत घातलेला चेंडू, ज्याचं वर्णन तुम्ही आजही उभं राहून हात फिरवून करता. पण तिथे २०२४ मध्येच फी ६७५ डॉलर होती, आणि वेळ आधीपासून पक्की हवी असेल तर त्यांच्याच हॉटेलात मुक्काम करावा लागतो. ती जागा देखणी आहे यात शंका नाही. मात्र त्या किमतीतला मोठा भाग देखाव्याचा आणि मुक्कामाचा आहे असं मला वाटलं. शिवाय तुमच्या गुडघ्याला ते चढउतार झेपले नसते.

ओल्ड कोर्सचं तसं नाही. पहिल्या नजरेला तिथे बघण्यासारखं फारसं काही नाहीच. १९४६ मध्ये सॅम स्नीडला आगगाडीच्या खिडकीतून ते एखादं सोडून दिलेलं जुनं मैदान वाटलं होतं, आणि त्याच आठवड्यात तो तिथे ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला. ही गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत. बॉबी जोन्सचीही तुम्हीच सांगितलीत. १९२१ मध्ये अकराव्या होलवर वैतागून त्याने राउंड अर्धवट सोडला, १९२७ मध्ये तिथेच ओपन जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला आपला मानलं तेव्हा तो म्हणाला की आयुष्यातून सेंट अँड्र्यूज सोडून बाकी सगळं वजा केलं तरी ते भरलेलंच राहील. एवढं सगळं तुमच्याकडून ऐकत मोठी झालेली मुलगी इथून तासाभराच्या अंतरावर राहते, आणि तुम्ही मला खर्च शिकवताय!

आता आईला पटेल असं एक कारण सांगते. आई, ही जमीन कुणा शेठची नाही, गावाची आहे. तिथला कारभार १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट बघतो, आणि आपल्यासारखे पाहुणे जे पैसे भरतात त्यावर ट्रस्टची सगळी मैदानं राखली जातात. गावकरी वर्षाचा पास काढून वर्षभर खेळतात. कुणाचा नफा वाढवायला मी हे पैसे देत नाहीये. शिवाय रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि कुणीही त्यावरून फिरू शकतं. माणसं कुत्री घेऊन येतात, मुलं फेअरवेवर पळतात. स्विलकन ओढ्यावरच्या त्या दगडी पुलावर उभं राहून फोटो काढायला एक पै लागत नाही. म्हणजे पैसे पडतात ते फक्त चेंडू मारण्याचे. मी तुम्हा दोघांना रविवारी आधी तिथून चालवून आणणार आहे, म्हणजे बाबांना चढ, वळणं आणि बसायच्या जागा ठाऊक होतील, आणि आईची खात्री पटेल की तिच्या नवऱ्याला मी कुठल्या डोंगरावर चढवत नाहीये.

कारण खरं सांगायचं तर वयस्कर माणसासाठी इतकं सोयीचं दुसरं नामांकित मैदान मला सापडलं नाही. जमीन बहुतेक सपाट. एका होलचं ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक गवत, संपलं की पुढची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, हाकेच्या अंतरावर. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकमेकांना लागून, आडवा पसरलेला, आणि त्यात बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, एकही नाही. पहिल्या ग्रीनसमोरचा स्विलकनचा ओढा सोडला तर पाण्यावरून उडवायचा फटका कुठे येत नाही. आणि ग्रीन तर केवढी! सात ग्रीन दोन-दोन होलमध्ये वाटून घेतलेली आहेत, दुसऱ्याचं सोळाव्याशी, पाचव्याचं तेराव्याशी, असं, आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा. जमीन इतकी कडक आणि गवत इतकं बारीक की ग्रीनच्या बरंच बाहेरूनही चेंडू सरपटवायचा पटरच काढायचा. बाबा, लांब फटक्याचा ड्रायव्हर तुमच्या मनगटात पूर्वीसारखा राहिला नसेल, पण पटर आहे. ग्रीनच्या जागी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूच्या ब्राउनवर तुम्ही तो घासून तयार केला आहे. लांबून सरपटत नेऊन होलच्या काठाशी थांबवलेले चेंडू मी डोळ्यांनी पाहिलेत. तुमच्यासारख्या हातांचं चीज होईल अशी जागा ही आहे, आणि माझ्या हिशोबात फी वसूल होते ती इथे.

दादाचा आग्रह होता की एजंटाकडून पक्की वेळ घ्यावी, उगाच नशिबावर कशाला ठेवायचं. ते मी केलं नाही. त्यात हॉटेल, गाडी, आणखी एखादं मैदान असं सगळं एकात बांधून देतात आणि किंमत कुठल्या कुठे जाते. तेवढे पैसे खर्च केले असते तर तुम्हाला टीवर उभं राहवलं नसतं, हे मला ठाऊक आहे. आपण सोडतीत नाव घालणार. खेळायच्या दोन दिवस आधी नाव द्यायचं, किमान दोघं लागतात, आणि निकाल त्याच दिवशी कळतो. एका दिवशी नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणूनच मुक्काम जरा लांबवला आहे. एकट्यासाठीही आता वेगळी सोडत असते, पूर्वीसारखं रात्रभर रांगेत बसावं लागत नाही, पण तुम्हाला अनोळखी लोकांत एकटं सोडायची माझी तयारी नाही.

आणि नाहीच लागलं, तर? तर आपण शेजारच्या न्यू कोर्सवर खेळू. तो ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या गोल्फपटूच्या हातचा, १८९५ चा, त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात, फी जवळपास निम्मी. मी मनाशी ठरवलं आहे की तसं झालं तर हळहळायचं नाही. तुम्हीही तसं ठरवून या. ओल्ड कोर्ससाठी ठरलेली फी मी आनंदाने देईन, पण ती जागा हातची जाईल या भीतीपोटी तिच्या कित्येक पट मोजणार नाही.

आता गुडघा. बाबा, इथे मी ऐकणार नाही. डॉक्टरांना निघण्याआधी स्पष्ट विचारायचं, "चार तास वाळूच्या जमिनीवर चाललो तर चालेल का?" नुसतं "फिरायला जाऊ का" असं विचारायचं नाही. आई, तू सोबत जा, नाहीतर हे अर्धंच सांगतील. ओल्ड कोर्सवर बगी, म्हणजे बसून फिरायची छोटी गाडी, वैद्यकीय कारण असेल तरच आणि आधी परवानगी काढूनच मिळते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तर त्यांचं पत्र घेऊन या. यात कमीपणा काही नाही. मैदान सरळ लांब जाऊन परत येतं, नवव्या होलच्या सुमारास आपण गावापासून बरेच दूर असतो, आणि दमलं म्हणून मधेच घरी येता येत नाही. तिथे चहापाण्याची टपरीवजा जागा आहे, तिथे बसायचंच. बॅग कॅडी उचलेल. "माझं ओझं मी उचलतो" हे वाक्य विमानात बसण्यापूर्वी घरीच ठेवून या.

तुमचा जुना सेटही घरीच राहू दे. मला माहीत आहे हे वाचून तुम्ही जरा गप्प व्हाल. त्या काठ्यांवर किती वर्षांचा तुमचा हात आहे हे मला कळतं. पण विमानात त्यांची आदळआपट होईल, आणि त्यांना काही झालं तर तुम्ही आठवडाभर मनाला लावून घ्याल. इथे भाड्याने चांगला सेट मिळतो. पटर तेवढा आणा, सामानात कपड्यांमध्ये नीट गुंडाळून. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, पुरावा दोघांनाही लागतो. तुमच्या क्लबच्या सेक्रेटरींकडून ताजं पत्र घ्या, जुनं चालणार नाही. पुढच्या टीवरून खेळायचं. चेंडू डावीकडे ठेवायचा, तुमचा उजवीकडे वळतो आणि तिथली हद्द बऱ्याच होलवर उजवीकडेच आहे. चौदाव्यावरच्या हेल बंकरात चेंडू गेला तर उचलून पुढे जायचं. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलससारख्या नामांकित खेळाडूला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि होलवर दहा मोजावे लागले. तुमच्या कमरेने तिथे हट्ट करायचं काही कारण नाही.

आई, तू म्हणशील, मी तिथे काय करू? पहिल्या टीच्या पलीकडेच पटिंगचं एक उंचसखल हिरवं मैदान आहे, त्याला हिमालयाज म्हणतात. बायकांनी १८६७ मध्ये स्थापन केलेल्या क्लबचं ते आहे. त्या काळी बाईने खांद्याच्या वर काठी उचलणं बरं दिसत नसे, म्हणून त्यांना पटिंगपुरती जागा मिळाली, आणि ती त्यांनी आजवर टिकवली. अगदी थोडक्या पैशांत कुणीही खेळू शकतं. इतकी वर्षं तू डबा भरून क्लबच्या पायरीवर वाट बघत बसलीस. या खेपेला आपण दोघी आधी खेळू आणि बाबा बाकावर बसतील. मला खात्री आहे तुला आवडेल.

आणि राहण्याची काळजी करू नकोस. घरात स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, आंघोळीला गरम पाणी भरपूर आहे. जागा तळमजल्यावर, जिना नाही, हे मी मुद्दाम बघितलं. चहा तुझ्या पद्धतीने होईल, आलं मी इथून घेऊन ठेवीन. मेमध्येही वारा असतो आणि कधी समुद्रावरून धुकं येतं, तेव्हा कानटोपी आणि ती जाड निळी शाल आण. उजेड रात्री नऊनंतरही असतो, त्यामुळे बाबांच्या झोपेच्या वेळा बिघडतील. पडदे जाड आहेत का तेही मी विचारून घेतलं आहे. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या सामानात नको.

याच वर्षी का, असं बाबांनी विचारलं होतं. २०२७ मध्ये ओपन पुन्हा तिथे आहे, गर्दी वाढेल, सोडतीत नाव लागणं अवघड होईल. हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. लहानपणी तुमच्या मागे झुडपात चेंडू शोधत फिरताना मी दमले की तुम्ही एका खांद्यावर बॅग आणि दुसऱ्यावर मला घेऊन उरलेले होल पूर्ण करायचात. त्या वयात मला वाटायचं, बाबांना दमणं माहीतच नाही. आता फोनवर जिना चढून आल्यावरचा तुमचा श्वास मला ऐकू येतो. तुम्ही स्वतःच्या पायांनी अठरा होल चालू शकता तोवर मला तुमच्याबरोबर चालायचं आहे. पुढेही चालाल, खूप वर्षं चालाल, पण हे मला पुढे ढकलायचं नाही.

तेव्हा रोज संध्याकाळी अर्धा तास चालणं आजपासून सुरू करा, हळूहळू वाढवा, आणि नवे बूट घेऊन आत्ताच पायात रुळवा. तिथे आल्यावर कोरे बूट घालायचे नाहीत. पैसे पाठवायचे नाहीत, पाठवलेत तर परत करीन. आई, डॉक्टरांची तारीख मिळाली की मला लगेच कळव, आणि ते काय म्हणाले ते शब्दशः सांग.

तुमची,
छोटी