वाडीवर घर चालण्याचे दिवस गेले, बाबा

ठाणे, नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीहून परत आल्यापासून हे लिहायचं मनात घोळतंय. फोनवर धड बोलणं होत नाही. बाबा "आमचं उत्तम चाललंय" म्हणतात, आई फोन घेते ती आमच्याच जेवणाखाण्याची चौकशी करते आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून पत्र. आई, चष्मा लावून तू स्वतः वाच. बाबा वाचून दाखवतात तेव्हा नको तेवढं गाळतात.

पहिली गोष्ट धुराची. यंदा विसाव्या तारखेच्या सुमारास मे महिन्यातच पाऊस धरला आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. इथे लोक उकाडा संपला म्हणून खूश झाले. आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं नेमकी त्याच दिवसांत असतात, ती सगळी हुकली. रातांब्यांची सालं वाळली नाहीत, आंबापोळीला ऊन मिळालं नाही, आणि लाकूडफाटा पडवीत घ्यायच्या आतच भिजला. नारळाची सोडणं, चुडतं, पोयी सगळं ओलं. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचं पाणी तापवायला आई न्हाणीघरातल्या चुलीपुढे बसली होती. फुंकणीनं फुंकता फुंकता ती इतकी खोकत होती की उटणं लावायला थांबलेली मुलं घाबरून माझ्याकडे आली. आणि स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर होता! आई म्हणाली, "एप्रिलात पन्नास रुपये वाढलेत, साडेआठशेच्या वर गेलाय. आंघोळीच्या पाण्याला कशाला गॅस जाळायचा?" आई, तुझ्या छातीपेक्षा पन्नास रुपये मोठे नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे सिलिंडर मी इथूनच बुक करणार आहे, पैसेही इथूनच भरीन. सरपण खडखडीत वाळेपर्यंत चूल पेटवायची नाही. वाळल्यावरही तू फुंकायला बसायचं नाहीस.

आता बाबा, तुमच्याशी.

तुमची हिशेबाची वही तुम्हीच मला दाखवलीत, म्हणून त्यावर बोलते. आजोबांच्या वेळी नारळ-सुपारीच्या वाडीवर घर चालायचं, आमची शिक्षणंही तिच्यावरच झाली, हे मी कधी विसरले नाही. पण त्या वहीतली डावी बाजू आणि उजवी बाजू आता एका काळातल्या राहिलेल्या नाहीत. नारळ पाडणारा पाडेली झाडामागे शंभर रुपये घेतो, तोही चार वेळा निरोप धाडल्यावर येतो. व्यापारी दारातून नारळ पंचवीसला उचलतो, तोच नारळ मी ठाण्यात जवळजवळ दुपटीनं घेते. खोबरेल तेलाची बाटली वर्षभरात दुपटीच्या घरात गेली, आणि घरचे नारळ असताना आई ती दुकानातून आणते. पंपाची मोटर विजेच्या कमी दाबानं जळली, तिचं वायंडिंग करून आणलंत, त्या एका बिलात नारळाच्या एका पाडपाचे पैसे गेले. यात तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या जागी कुणीही असतं तरी वहीत हेच आकडे आले असते.

सुपारीचं मला जास्त लागलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं आणि खाली आपल्या दापोली तालुक्यापर्यंत वाड्या आडव्या झाल्या. लोक म्हणत होते, या वयात पुन्हा लागवड कुणासाठी? तुम्ही सत्तरी ओलांडलेली असताना आळी खणलीत, रोठा सुपारीची रोपं लावलीत, पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला चुडताची सावली केलीत. ती झाडं यंदा कुठे धरायला लागली होती. आणि पाऊस असा आला की बुरशीवरच्या बोर्डो मिश्रणाचा पहिला हात द्यायला कोरडा दिवसच मिळाला नाही. एरवी तुम्ही मे सरता सरता मोरचूद एका पिंपात आणि चुना दुसऱ्यात भिजवता, शंभर लिटरला एकेक किलो, आणि मिश्रणात विळा बुडवून बघता, पात्यावर तांबूस चढलं तर आणखी चुना. यंदा ती पिंपं पडवीत पालथीच राहिली. मग सुपारी गळवणारा कोळे रोग येणारच. दिवाळीत झाडाखाली काळी पडलेली, बुरशी धरलेली सुपारी तुम्ही वेचून वेचून टोपलीत भरत होतात आणि मला म्हणालात, "ही गळ नेहमीचीच." नेहमीची नव्हती, बाबा. मला दिसत होतं.

म्हणून सांगते, वाडीनं घर पोसलं पाहिजे ही अट आता काढून टाका. वाडी ठेवा. वाडी विका, घर बंद करा, ठाण्याला या, असं मी म्हणणार नाही; दादाही म्हणणार नाही, आमचं बोलणं झालंय. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं काय कराल हे मला कळतं. पण वाडीच्या उत्पन्नातून वाडीचाच खर्च निघाला तरी पुष्कळ झालं असं समजा. घरखर्चाला मी आणि दादा दर महिन्याला निम्मे निम्मे पाठवू. हे पैसे पासबुकात तसेच ठेवून द्यायचे नाहीत. त्यातून माणसं लावायची आहेत.

कुठे लावायची तेही सांगते, कारण तुम्ही विचाराल. एक, शेणखताचा खड्डा. नव्या माडांची पानं त्रिकोणी कातरलेली दिसली, म्हणजे गेंड्या भुंगा आहेच. तुम्ही तारेचा आकडा घेऊन स्टुलावर चढून शेंड्यातून भुंगे ओढत बसता, ते मला बघवलं नाही. भुंगा त्या खड्ड्यातच वाढतो. खड्डा उपसून अळ्या वेचायला दोन दिवस गडी लावा, स्टूल आत ठेवा. दुसरं, पुढच्या वर्षी फवारणीचा माणूस एप्रिलातच ठरवा, मोरचूद आधी आणून ठेवा, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हात फिरवून घ्या. पाऊस पुन्हा लवकर आला तरी निदान एक फवारणी झालेली असेल. तिसरं, सगळे नारळ व्यापाऱ्याला देऊ नका. वर्षाच्या तेलापुरतं खोबरं वाळवा आणि दापोलीला घाण्यावरून काढून आणा. आमच्या दोन्ही घरांचं तेलही त्यातलंच घेऊ, बाजारभावानं. बाजारभावानं म्हणजे बाजारभावानं, बाबा.

आई, तुझ्या परसाचं काय करायचं, मला खरंच सुचत नाही. पडवळाच्या टोकाला सुतळीनं खडा बांधून तू ती सरळ वाढवलीस, हातभर लांब झाली, आणि आम्ही यायच्या दोन दिवस आधी वानरांची टोळी मांडवावर उतरली. खाल्लं थोडं, मोडलं सगळं. दुधीचा एक चावा आणि फेकला. फटाके लावून झाले, साड्या बांधून झाल्या, जाळी टाकायची तर सगळ्या परसाला पुरेल एवढी परवडत नाही. हा त्रास एकट्या आपला नाही, अख्ख्या कोकणात माणसं ओरडतायत, शेत पड टाकतायत. तेव्हा तुझ्या हाताला गुण राहिला नाही असं जे तू म्हणालीस ते मनातून काढ. मला एवढंच वाटतं की यंदा मांडव नको. विहिरीजवळ दोन वाफे जाळीत घे, लाल माठ, मुळा, मिरच्या, कोथिंबीर. अळूला वानर सहसा हात लावत नाहीत, ते आहे तिथे राहू दे. आणि जमिनीतल्या ओलीवर कडवे वाल पेरायचे ते पेर, त्याशिवाय तुला चैन पडणार नाही. जाळी मी घेऊन येते.

दवाखान्याचंही बोलायला हवं. सत्तर वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर हे सुरू झालं. त्याचं वय वंदना कार्ड वेगळं काढावं लागतं, आधारवरूनच निघतं. पाच लाख घरातल्या ज्येष्ठांत मिळून असतात, आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच उपयोग, रोजच्या गोळ्यांना नाही. तरी पाहिजेच. बाबांचं वय केव्हाच झालं होतं, आता आईचंही झालं. "आपल्याला कशाला सरकारी कार्ड" हे म्हणणं पुरे. रोजच्या गोळ्यांचं असं, की २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. बाबा, दुकानातून बिल मागून घ्या, तसंच खिशात घालू नका, वाचून बघा.

एसटीचं मात्र मी काही करू शकत नाही. जानेवारीत तिकीट जवळजवळ पंधरा टक्के वाढलं. बाबांना पंचाहत्तरीमुळे फुकट आणि आईला अर्धं, त्यामुळे तुम्हाला झळ कमी. पण दुपारची गाडी न सांगता रद्द होते आणि तुम्ही दोघं भर उन्हात फाट्यावर उभे राहता. दापोलीचं काम असेल त्या दिवशी सरळ रिक्षा सांगा. पैसे पाठवू ते यासाठीच.

मी महिनाअखेरीस शनिवार-रविवारला जोडून रजा काढून येतेय. पाडेल्याला त्याच वेळी बोलवा, त्याच्याशी वर्षाचं बोलून ठेवू. दोघांची आधार कार्डं वर काढून ठेवा, आणि बाबा, आधारला जोडलेला तो जुना मोबाइल नंबर चालू आहे का तेवढं बघा, ओटीपी त्याच्यावर येतो. आई, कुळथाचं पीठ संपलंय, जमलं तर दळून ठेव. नाहीतर मी आल्यावर दोघी मिळून भाजू.

मुलांचा नमस्कार.

तुमची,
नंदा