देवगिरी पडला तो दाणागोट्यापायी

महोदय,

देवगिरी ऊर्फ दौलताबादविषयी जे लिहिले-सांगितले जाते, त्यात अंधारी (बालेकिल्ल्याकडे नेणारा काळोखा भुयारी मार्ग) आणि फितुरी यांनाच बहुतेक जागा मिळते. गडाचा बालेकिल्ला चढून जाऊन कोणी जिंकल्याचे उदाहरण मिळत नाही, हे खरेच आहे. पण मग तो पडला कसा, याचे उत्तर कोठारात आणि हौदात शोधावे लागते. गड दाखवताना नेमके तेच राहून जाते.

आधी सन. अल्लाउद्दीन खलजीच्या स्वारीचे साल अजूनही ठिकठिकाणी १२९४ छापले जाते. तो आजच्या उत्तर प्रदेशातल्या कडा-माणिकपूरहून निघाला हिजरी ६९५ मध्ये, म्हणजे १२९६ च्या फेब्रुवारीत. लूट घेऊन परतल्यावर त्याच वर्षीच्या जुलैत त्याने आपला चुलता, दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन याचा काटा काढला. १२९४ धरले तर हा क्रम जुळत नाही.

स्वारी आली तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. शहर हातचे गेले आणि यादव राजा रामदेवराव गडावर चढला, पण वर पुरेसे धान्य भरलेले नव्हते. इतिहासकार फरिश्ता लिहितो की कोकणातले व्यापारी पळापळीत आपल्या गोण्या टाकून गेले होते. धान्याच्या समजून त्या दोन-तीन हजार गोण्या घाईघाईने वर नेल्या. उघडल्या तर आत मीठ! फरिश्ता तीनशे वर्षांनंतर लिहीत होता, त्यामुळे आकडा शब्दशः घेऊ नये. तरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गोणी ५० किलोची धरली तर २,००० गोण्या म्हणजे १०० टन. माणशी रोज पाऊण किलो धरून ४,००० माणसांना दिवसाला ३ टन लागतात. म्हणजे जेमतेम महिनाभराची शिधासामग्री. अल्लाउद्दीन मात्र आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर होता आणि मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे, ही हूल त्यानेच उठवली होती. तेवढा महिना गडाने काढला असता, तर पेच त्याच्यापुढे उभा राहिला असता. युवराज परतून लढला, पण अल्लाउद्दीनचा सरदार मलिक नुसरत याची तुकडी रणात येताच ती दिल्लीचीच फौज समजून यादवसेना फुटली. गडावर खायला नाही म्हटल्यावर रामदेवरावापुढे तह करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एलिचपूरचा (आजचे अचलपूर) वसूल त्या तहातच गेला.

गडाचे आजचे रूप एकट्या यादवांचे नाही. अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशी एकात एक तटबंदी, मग कातळात खोदलेला खंदक आणि तासून उभा केलेला कडा. महाकोटाचे दरवाजे एका रेषेत नाहीत, हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून. दारांवर अणकुचीदार खिळेही त्यासाठीच. खंदकावरच्या जुन्या दगडी पुलाचा मधला भाग मुद्दाम खाली घेतला आहे. बंधाऱ्यांनी पाणी वाढवले की तो बुडून जाई. पुढे अंधारी. तिच्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, म्हणून काळोखात पाऊल हमखास चुकते. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण, त्यावर जाळ केला की धूर आणि धग खाली कोंडते. या रचनेपुढे शत्रूचे संख्याबळ निरुपयोगी ठरते, कारण एका वेळी मोजकीच माणसे पुढे सरकू शकतात.

पण पाणी कुठे आहे ते पाहा. हत्ती हौदात एक कोटी लिटरच्या वर पाणी मावते, आणि तो आहे खाली, महाकोटात. सरस्वती बावही खालीच. डोंगरातून खापरी नळांनी आणलेले पाणीही खालच्या वस्तीसाठी. वर कातळातली टाकी तेवढी. म्हणजे महाकोट गेला की बालेकिल्ला अभेद्य राहूनही त्याची रसद तुटते.

१६३३ मध्ये, गड निजामशाहीकडे असताना, हेच घडले. मोगल सेनापती महाबतखानाने कड्याला हात न लावता सुरुंग लावून बाहेरचे कोट एकेक करून फोडले. आधीची दोन-तीन वर्षे दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता, त्यामुळे कोठारे भरायची कशाने? विजापूरच्या फौजेने, आणि तिच्याबरोबर शहाजीराजांनीही, बाहेरून धान्य पोहोचवण्याचा प्रयत्न केला; मोगलांनी ते वाटेतच अडवले. जूनमध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान याने किल्ला खाली करून दिला. याला नुसती फितुरी म्हणून मोकळे होणे त्या उपाशी शिबंदीवर अन्याय आहे.

माझी मागणी साधी आहे. हत्ती हौदापाशी फलक असावा आणि त्यावर हौदाची लांबी-रुंदी-खोली, पाणी कुठून व कोणत्या नळाने येई, हे नकाशासह द्यावे. महाकोटाच्या दरवाजापाशी १६३३ चा वेढा कोटवार क्रमाने दाखवावा. जिथे जिथे १२९४ लिहिले असेल तिथे १२९६ करावे. आणि मार्गदर्शकांनी अंधारीत शिरण्याआधी पर्यटकांना दहा मिनिटे हौदाच्या काठावर उभे करावे. पुढचा गड त्यांना तिथूनच समजेल.

— एक दुर्ग अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर