कार्व्हरच्या शेजारगावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतले काळे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावर आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे पीनट बटरचा शोध कार्व्हरांनी लावला, असं त्यात म्हटलंय. तो त्यांनी लावलेला नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या लगद्याचं पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी 1884 मध्येच घेतलं होतं. कार्व्हर टस्कीगी गावी, तिथल्या काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला आले 1896 मध्ये. त्यांनी 1916 मध्ये शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली, तिच्यात भुईमूग कसा पिकवायचा ते आणि शेंगदाणे खाण्याच्या 105 तऱ्हा दिल्या. एवढं काम ज्याच्या नावावर आहे त्याला उसना मोठेपणा कशाला द्यायचा?

दुसरी गोष्ट अशी की लेखकाने टस्कीगीला ‘अमेरिकेच्या दक्षिणेतलं कुठलंसं आडगाव’ म्हणून निकालात काढलंय. इथे मात्र मला राहवेना. त्या आडगावापासून जेमतेम 20 मैलांवर, अलाबामातल्या ऑबर्न गावी माझं सगळं अडनिडं वय गेलं.

बाबा राहुरीच्या कृषी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायचे. 1979 मध्ये त्यांना ऑबर्नच्या विद्यापीठात काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. गाव 25-30 हजारांचं. विद्यापीठ काढून घेतलं तर उरायची एक पेठ, चर्चं आणि रेल्वेचे रूळ. वाणसामानासाठी अटलांटाला जावं लागे, शंभरावर मैल. वाटेत जॉर्जियाची हद्द लागली की घड्याळ एक तास पुढे करायचं. हरभऱ्याच्या डाळीसाठी एक तास गमवावा लागतो, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

पण सगळ्याच गोष्टींसाठी अटलांटा गाठावी लागत नसे, हे आईच्या पहिल्याच उन्हाळ्यात लक्षात आलं. बाजारात भेंडी होती. चवळी होती, आणि ती तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शकुनाची म्हणून घरोघर शिजायची. हमरस्त्याच्या कडेला म्हातारे लोक मोठ्या पातेल्यांत ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून विकायचे. आईने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाबांना गाडी थांबवायला लावली आणि त्या विक्रेत्याशी चक्क मराठीत बोलायला सुरुवात केली. भेंडी आणि चवळी गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून तिकडे आल्या, हे बाबांनी नंतर सांगितलं. म्हणजे आमचं ताट तिथे भरलं ते त्या लोकांमुळे.

ऑक्टोबरात शेजारच्या लोचापोका गावात जत्रा भरायची. उघड्या कढईत उसाचा रस आटवत ठेवलेला, वर मळी काढणारा माणूस, बाजूला धूर, माश्या, पोरं. बाबा मूळचे कागलचे. ते त्या कढईपाशी गेले, पळीभर चाखलं आणि म्हणाले, “अगं, ही काकवी!” त्या दिवशी आम्ही बिस्किटं काकवीत बुडवून खाल्ली. बिस्किट म्हणजे तिथे चहाबरोबरचं नव्हे, मऊ, लोण्याचं, गरम पावासारखं. पुढे दरवर्षी घरात काकवीच्या बाटल्या असायच्या.

गावची माणसं अगत्यशील. मोठ्यांना प्रत्येक वाक्यागणिक ‘येस मॅम, नो सर’ म्हणायचं. मी घरी आल्यावर आईलाही मॅम म्हणू लागले तेव्हा तिने एकदा डोळे वटारले होते. ओळख झाल्या झाल्या पहिला प्रश्न ठरलेला, “तुम्ही कुठल्या चर्चला जाता?” आई शांतपणे सांगायची, “आमचा देव स्वयंपाकघरात असतो.” यावर काय बोलावं हे कुणालाच सुचत नसे, आणि मग भोपळ्याचा केक पुढे यायचा.

तिथली माती लाल. पांढरे मोजे एकदा माखले की गेले. याच लाल-पिवळ्या मातीपासून कार्व्हरांनी रंग बनवले होते, हे मला फार उशिरा कळलं.

आणि फुटबॉल. आपला नव्हे, तो हातात घेऊन पळायचा. 27 नोव्हेंबर 1982 ला ऑबर्नने अलाबामा विद्यापीठाला 23-22 ने हरवलं. आधीची नऊ वर्षं सलग हार होती, त्यामुळे गाव अक्षरशः रस्त्यावर आलं. टूमर्सच्या कोपऱ्यावर दोन जुने ओक होते. सामना जिंकला की त्यांच्यावर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायची, ही तिथली रीत. झाडं पांढरीफटक झाली होती. कोपऱ्यावरच्या टूमर्सच्या दुकानात लिंबाचं सरबत मिळायचं, ते पीत आम्ही मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या होतो, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, बो जॅक्सन. पहिल्या वर्षातला तो काळा पोरगा बचावाच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला होता. ज्या घरांत एरवी काळ्या माणसाला पुढच्या दाराने आत घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं, त्या घरांतल्या आजोबांच्या डोळ्यांत त्या रात्री पाणी होतं.

हे इथेच सांगून टाकते, कारण तरुणपणाच्या आठवणी लिहिताना लोक नेमकं एवढंच गाळतात. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा कधीच्या एकत्र झाल्या होत्या, पण जेवणाची टेबलं एकत्र झाली नव्हती. गोऱ्यांची इकडे, काळ्यांची तिकडे. तसा कुठेही लिहिलेला नियम नव्हता. मी डबा घेऊन पहिल्या दिवशी मध्येच उभी राहिले तेव्हा एका काळ्या मुलीने बाक थोपटून जागा दिली. ती माझी पुढची सगळी वर्षं पक्की मैत्रीण. माझ्या गोऱ्या मैत्रिणीही होत्या, चांगल्या होत्या. पण रुळांपलीकडे राहणाऱ्या या मैत्रिणीच्या घरी त्यांच्यापैकी एकही कधी आली नाही. टस्कीगीलाही बहुतेक जणी गेलेल्या नव्हत्या. 20 मैल! गायक लायनेल रिचीची पोस्टरं मात्र प्रत्येकीच्या खोलीत. तो टस्कीगीत जन्मलेला, तिथल्या संस्थेच्या आवारातच वाढलेला.

1982 मध्ये कधीतरी कोल्हापूरच्या मावशीने समुद्रमार्गे पार्सल पाठवलं. मेतकूट, दिवाळी अंक आणि वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. ते पुस्तक 1981 मध्ये आलं होतं आणि मावशीला वाटलं होतं की अलाबामा म्हणजे आमच्या घराजवळच कुठेतरी असेल. गंमत म्हणजे तसंच निघालं. आईने ते दोन रात्रींत संपवलं आणि शनिवारी आम्हाला गाडीत घातलं. टस्कीगीच्या संग्रहालयात कार्व्हरांची प्रयोगशाळेतली उपकरणं होती, चित्रं होती, आणि त्यांच्या हातचं क्रोशाचं विणकाम. बाबा उपकरणांपाशी, आई विणकामापाशी. मी बाहेर पायरीवर बसून कंटाळले होते, पंधरा वर्षांची मुलगी आणखी काय करणार?

माझ्यासाठी खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली. मैत्रिणीची आजी तिच्याच घरी असायची. ती लहानपणी टस्कीगीत शिकली होती. आई पुस्तक घेऊनच तिच्याकडे गेली. आजी व्हरांड्यात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. आईनेही परडी पुढे ओढली आणि शेंगा सोलता सोलता मराठीतून वाचून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली, मध्ये अडलं की मी. आजी ऐकत होती. मग म्हणाली, “आवाज फार बारीक होता त्यांचा. एवढा उंच माणूस आणि आवाज बाईसारखा. आम्ही हसायचो.” कोटाला रोज फूल लावलेलं असायचं, तेही तिने सांगितलं. पुस्तकातलं सगळं तिला मोठं, आदराचं वाटलं, पण ती जे सांगत होती त्यात तो माणूस चालत होता. शेवटी तिने विचारलं, तुमच्याकडे इतक्या लांब लोक हे का वाचतात? आई म्हणाली, “आमचीही शेतंच आहेत.”

त्याच आजीकडून मला कळलं की 1957 मध्ये टस्कीगीतल्या काळ्या मतदारांना गावाबाहेर टाकण्यासाठी गावाची हद्दच बदलली होती. चौकोनी गाव 28 बाजूंचं केलं. 1960 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. आणि 1932 पासून 40 वर्षं सरकारी आरोग्यखात्याने तिथल्या शेकडो काळ्या पुरुषांचा गरमी हा रोग औषध न देता नुसता ‘पाहिला’, हेही. ते बंद होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्या वयात हे ऐकल्यावर टूमर्सचं सरबत कडू लागलं का? नाही. तितकंच गोड लागायचं, आणि तेच मला आता विचित्र वाटतं.

आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर गट आहे. कुणीतरी त्या ओकांचा जुना फोटो टाकतं, आणि ‘काय दिवस होते’ सुरू होतं. ते ओक आता नाहीत. 2010 मधल्या सामन्यानंतर हरलेल्या बाजूच्या एका इसमाने त्यांच्या मुळांशी तणनाशक ओतलं, 2013 मध्ये ती झाडं तोडावी लागली. झाडांसाठी गाव रडलं, मीही हळहळले. पण त्या गटात माझी मैत्रीण मात्र नाही. तिला कुणी घेतलं नाही की तिलाच यायचं नव्हतं, मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तुझे दिवस चांगले होते, तू लिही.” म्हणून लिहिते आहे, पण तिच्यासकट.

लेखकाला एक विनंती. आपले पुष्कळ वाचक मुलांकडे अटलांटाला जातात, तिथून टस्कीगी मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. संग्रहालय राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, कार्व्हरांची समाधी तिथेच आवारात, संस्था उभी करणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी. स्वतः जाऊन पुन्हा लिहा. मराठी माणसाला ते गाव आडगाव वाटण्याचं काही कारण नाही, आणि पीनट बटरचं तेवढं पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपली,
एक जुनी वाचक, कोल्हापूर